पाय स्टुलावर ठेवण्याविषयी

प्रिय दाजी यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. माझी प्रकृती उत्तम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे सांगायचे तर मिशी सोडून बाकी सर्व जागच्या जागी आहे. मिशीचे पुढे येईल. तुमचा खुबा कसा आहे? डॉक्टरांच्या मते हाड जुळले आहे, आता फक्त माणूस जुळायचा राहिला आहे, असे अक्का म्हणाली. हा विनोद डॉक्टरांचा की तिचा ते कळले नाही. हे पत्र नेहमीप्रमाणे तीच वाचून दाखवत असणार. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त केल्यावर घरी आल्यावर पुन्हा अक्षरांकडे बघायचे नाही, हा तुमचा नियम मला पाठ आहे. तेव्हा अक्का, सावकाश वाच, आणि कंस आला की आधी मनात वाचून मग ठरव. हे सगळे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर दाजी अर्ध्यातच ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात. पत्राला ती सोय नाही.

काल अक्काचा फोन आला. तुमच्या मदतीला म्हणून ठेवलेल्या माणसाला तुम्ही उंबरठ्यावरूनच माघारी धाडलेत. परक्या माणसाच्या हातून अंग पुसून घेण्यापेक्षा मळलेला बरा, असे त्याच्या तोंडावर बोललात. तुमच्या मुलाने आंघोळीसाठी खुर्ची आणली, तर तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचून ठेवलीत. आता अक्का एकटी तुम्हाला उठवते, बसवते, मोरीपर्यंत नेते, आणि तुम्ही आत असलात की स्वतः भिंतीला धरून उभी राहते, कारण तिची कंबर सरळ होत नाही. (अक्का, हे वाक्य गाळू नकोस. गाळलेस तर मी पुन्हा लिहून पाठवीन.) तुम्ही पडलात, अंथरुणाला खिळला नाहीत, हे देवाचे उपकार. पण अक्का पडली तर तुम्हा दोघांना कोण उचलणार, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मी नंतर विचारणार आहे. आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

तुमचा प्रश्न तुम्हाला आठवत नसेल. मी मिशनच्या कामासाठी परदेशी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला निरोपाचा फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “काय कविराज, सेवा करायला निघालात की करून घ्यायला?” मी हसलो आणि फोन ठेवला. विमानात बसलो तरी ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते. आता परत येऊन महिना होत आला, उत्तर तयार आहे. पण ते एका ओळीत दिले तर तुम्ही मला जन्मभर ऐकवाल. म्हणून अथपासून सांगतो.

त्याचे असे झाले. आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केले की परदेशातल्या एका वृद्धाश्रमाची डागडुजी करायला, रंग द्यायला आणि तिथल्या म्हाताऱ्यांना चार प्रेमाचे शब्द द्यायला आपला एक गट जाणार आहे. कोणाची तयारी आहे? माझा हात आपोआप वर गेला. शाळेत कविता कोण म्हणून दाखवणार असे विचारले की जसा जायचा तसाच. (तेव्हाही बाई म्हणायच्या, हात खाली कर, दुसऱ्यांनाही येऊ दे.) पाळकसाहेब म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. मागच्या बाकावर बसायचा. कवितेच्या तासाला उभा केला की पहिल्या दोन शब्दांनंतर छताकडे बघायचा, जणू उरलेली कविता तिथे लिहिली आहे. आता तोच कागदाशिवाय तासभर प्रवचन करतो, आणि मी समोर बसून ऐकतो. तो म्हणाला, “सर, तिथे शिडीवर चढायचं काम आहे.” मी म्हणालो, शिडी धरायलाही कोणी लागतो. त्याने यादीत माझे नाव लिहून घेतले. वर्गातही सांगितलेले निमूट लिहून घ्यायचा.

घरी मात्र शिडीने भागले नाही. सूनबाई म्हणाली, “बाबा, तिकडे तुमच्याकडे कोण बघणार?” प्रश्न मायेचा होता, पण मला लागला. आमची ही गेल्यापासून घरात मी बघितला जाणारा माणूस झालो आहे. दूध प्यायलात का, स्वेटर घातलात का, आंघोळीला इतका वेळ का लागला. मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केले की तिकडे मी कोणालाही भार होणार नाही, कोणाकडे पेलाभर पाणीसुद्धा मागणार नाही, आणि भार झालोच तर परत आल्यावर कुठेही जायचे नाव काढणार नाही. मुलगा म्हणाला, “लिहून देता का?” मी लिहून दिले, पण पद्यात. सगळी रचना पाठवत नाही, कारण तुमची सहनशक्ती मला ठाऊक आहे. फक्त धृपद देतो:

ओलांडूनी आलो पाणी । घेऊनिया दोन हात ।
ज्याचे थकले, त्याच्यासाठी । माझे असोत दिनरात ॥

(अक्का, हे चालीवर वाच. आईच्या दळणाच्या चालीवर बसते.) ही रचना तिकडच्या लोकांसमोर साक्ष म्हणून म्हणायची असा माझा बेत होता. जाण्यापूर्वी प्रशिक्षण झाले. त्यात पाळकसाहेबांनी पुष्कळ सूचना दिल्या. माझ्या लक्षात दोन राहिल्या. पहिली अशी की आपल्या गटाचा नारिंगी टी-शर्ट सतत अंगात हवा, म्हणजे हरवणार नाही. दुसरी अशी की तिकडच्या कोणी प्रेमाने काही दिले, काही केले, तर नाही म्हणायचे नाही. नकाराने माणसे दुखावतात, आणि ज्या कामासाठी गेलो तेच बिघडते. मी जन्मभर मुलांना नियम पाळायला लावले आहेत. मी दोन्ही नियम पाळले. फक्त सूनबाईला दिलेला तिसरा शब्दही पाळला, तो म्हणजे टी-शर्टवर कायम स्वेटर. सगळ्या भानगडीचे मूळ त्या स्वेटरमध्ये आहे.

विमानाचे वर्णन करत नाही. मला खिडकी मिळाली आणि माझे डोळे ढगांवरून हलेनात. शेजारी आमचा इलेक्ट्रिशियन होता. (आपल्या मंडळीतलाच, तुमच्या दुकानातल्या पंख्याला आवाज येत होता तो काढून देणारा.) तो म्हणाला, “मास्तर, झोपा आता, ढग कुठे पळून जातायत?” मी म्हणालो, दुसरे काय करतात ते? मग तो झोपला.

आश्रमाची इमारत लांबट, एकमजली. आत शिरले की साबणाचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. व्हरांड्याच्या भिंतीला हाताच्या उंचीवर लाकडी कठडा होता, आणि इतक्या म्हाताऱ्या हातांनी तो धरला होता की गुळगुळीत होऊन त्यात खिडक्या दिसत होत्या. मला तिथेच दोन ओळी सुचल्या, पण पाळकसाहेब कामे वाटत होते. इलेक्ट्रिशियनकडे जुनी वायरिंग. बाकीच्यांकडे जेवणघराचा रंग. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ बघितले आणि म्हणाले, “सर, तुम्ही आजी-आजोबांजवळ बसा. त्यांना सोबत द्या.” दाजी, हा स्वर मला ओळखीचा आहे. वर्गात ज्याला काहीच येत नाही त्याला मी याच स्वरात सांगायचो की बाळ, तू खडू सांभाळ.

बसलो. मोठ्या हॉलमध्ये खिडक्यांना लागून खुर्च्यांची रांग होती आणि एक खुर्ची रिकामी होती. बाहेर एक झाड पाने गाळत होते, घाई नव्हती त्याला, एकेक पान विचार करून सोडत होते. मी चौथीच्या वर्गात जाऊन पोहोचलो. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतो आहे, शेवटच्या ओळीला सगळ्यांचा श्वास एकदमच संपतो आहे, आणि बाहेर घंटेवाला हातात हातोडा घेऊन कविता संपायची वाट बघतो आहे. मी तिथून परत आलो तेव्हा माझा एक बूट निघालेला होता.

बूट काढणाऱ्या बाई समोर बसल्या होत्या. तिथल्या सेविका. नाव शेवटपर्यंत मला नीट उच्चारता आले नाही, म्हणून आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. रुंद, कणीक तिंबणाऱ्या बाईसारखे दंड, आणि तोंडाने सतत काहीतरी गुणगुणणे. त्यांनी दुसराही बूट काढला, मोजे काढले. मला वाटले, पाहुण्यांच्या स्वागताची इथली पद्धत असेल. नाही म्हणायचे नाही. कोमट पाण्यात पाय. माझ्या पायांच्या नखांकडे पाहून बाईंनी जिभेने ‘च्’ केले. हे ‘च्’ सगळ्या भाषांत सारखेच असावे. नखांविषयी इथे जास्त लिहीत नाही. बाईंनी ती कापली, पाय पुसले, बोटांच्या मधूनही पुसले, आणि काहीतरी लावून चोळले. पाय मला माझे वाटेनात, चौथीतल्या मुलाचे वाटायला लागले.

इथे एखादा शहाणा माणूस उठला असता. पण मला वाटले स्वागत संपले, आणि ते संपले नव्हते. स्वेटर आणि टी-शर्ट एकत्रच डोक्यावरून निघाले आणि धुण्याच्या टोपलीत गेले. ऊन पाण्याने आंघोळ झाली. (दाजी, खुर्चीत बसवून. तुमच्याकडे आहे तसलीच खुर्ची, रद्दीशिवायची.) अंगावर तिथला लांब झगा आला, डोक्याला विणलेली टोपी आली. मग बाईंनी तळहात पुढे केला आणि तोंडाकडे बोट दाखवले. वर्गात आणलेल्या गोट्या मुले जशा निमूट काढून देत, तशी मी वरची कवळी काढून दिली. चष्मा गेला. तोंडाला फेस लागला. मला वाटले, दाढी नीट करत असतील. चष्मा नसल्यामुळे वस्तरा कुठे चालला आहे ते दिसत नव्हते, आणि कळले तेव्हा अर्धी मिशी गेली होती. नाही म्हणायचे नाही हा नियम एकीकडे, आणि अर्धी मिशी ठेवून करायचे काय हा विचार दुसरीकडे. नोकरीला लागलो तेव्हापासूनची मिशी होती ती.

एवढे होईपर्यंत मला शंका आलीच नाही असे म्हणवत नाही. गळ्याला फडके बांधून बाई चमच्याने सूप भरवायला लागल्या तेव्हा आली. पण तेव्हा काय करणार? भाषा येत नव्हती, दात नव्हते, आणि तोंडात सूप होते. शिवाय सूप चांगले होते. शेजारच्या खुर्चीवरचा एक हाडकुळा म्हातारा सुरुवातीपासून माझ्याकडे बघत होता. मिशी गेल्यावर तो पहिल्यांदा हसला. मग मला एका पलंगावर निजवले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून दोन्ही बाजूंनी आत खोचले. दाजी, असे पांघरूण कोणी खोचून किती वर्षे झाली ते मी आठवत होतो, आणि आठवता आठवता झोप लागली. पेलाभर पाणी मी मागितले नाही, हे मात्र खरे. ते न मागताच उशाशी ठेवलेले होते.

तुम्ही म्हणाल, इतका वेळ गटातल्या कोणालाही मास्तर कुठे आहेत हे विचारावेसे वाटले नाही का? वाटले. पाळकसाहेबांनी दुपारी डोकी मोजली. बरोबर भरली. झाले होते असे की त्या दिवशी आश्रमात एक नवे आजोबा राहायला येणार होते, आणि मोठ्या बाई त्यांचीच वाट बघत होत्या. मी नारिंगी टी-शर्ट स्वेटरखाली झाकून त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. खरे आजोबा जरा उशिरा आले, त्यांना कोणी विचारले नाही, ते पिशवी ठेवून रंगाच्या वासाने जेवणघरात गेले. आमच्या मंडळींना वाटले, गावातले कोणी मदतीला आले. हातात ब्रश दिला. त्या गृहस्थांनी दुपारभर दरवाजे रंगवले, आणि इलेक्ट्रिशियनच्या मते आमच्यापैकी कोणालाही असे जमले नसते. उकडत होते म्हणून त्यांना उरलेला एक नारिंगी टी-शर्टही दिला होता. त्यामुळे डोके एक कमी भरायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी चहानंतर आमचा गट हॉलमध्ये गायला आणि भेटी वाटायला आला. मी झोपून उठून खुर्चीत बसलेला. गाणे झाले. मग पाळकसाहेब एकेका म्हाताऱ्यासमोर थांबून, पिशवी देऊन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत पुढे सरकू लागले. माझ्यासमोर आले. पिशवी दिली. (साबण, कंगवा, लोकरी मोजे.) डोळे मिटून हात ठेवला आणि आपल्या भाषेत प्रार्थना केली की प्रभो, या एकाकी वृद्धाला आपलं म्हणणारं कोणी नाही, याची पोरंबाळं याला विसरली असतील, तू याला विसरू नकोस. दाजी, प्रार्थना अगदी मनापासूनची होती. माझी पोरंबाळं मला विसरलेली नाहीत, उलट थोडी विसरली तर बरे, हा भाग सोडला तर दुरुस्ती करण्यासारखे काही नव्हते. मी आमेन म्हणालो. आमेन सगळीकडे एकच असल्यामुळे त्यांना काही वाटले नाही, ते पुढच्या खुर्चीकडे वळले. तेव्हा मी म्हणालो, “पाळकसाहेब, मोजे जरा मोठे मिळतील का?”

तो जागच्या जागी थांबला, आणि त्याने छताकडे बघितले. मागच्या बाकावरून बघायचा तसेच. मग माझ्याकडे बघितले. इलेक्ट्रिशियन जवळ आला, वाकून नीट निरखले आणि म्हणाला, “साहेब, हे आपले मास्तर आहेत. मिशी कुठे गेली विचारू नका, आधी दात शोधू.” मग व्यवस्थापक बाई आल्या, क्षमा मागितली, आम्ही क्षमा मागितली, नव्या आजोबांची क्षमा मागितली, तर ते म्हणे उरलेला दरवाजा पूर्ण झाल्याशिवाय खुर्चीत बसायला तयार नव्हते. परत जाताना गाडीत पाळकसाहेब हळूच म्हणाले, “सर, घरी हे सांगायचं का?” मी म्हणालो, बघू.

त्या रात्री काही मी फारसा आनंदात नव्हतो. भार होणार नाही म्हणून पद्यात लिहून देऊन आलेला माणूस पहिल्याच दिवशी आंघोळ घालून, भरवून, निजवून परत आला होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी चिडून ब्रश हातात घेतला. खिडकीची चौकट रंगवताना बाहेरच्या झाडाकडे लक्ष गेले आणि थोडी काचही रंगली. इलेक्ट्रिशियनने ब्रश काढून घेतला. “मास्तर, तुम्ही कविता करा, रंग आम्ही देतो.” मग मी हॉलमध्ये गेलो. मोठ्या बाईंनी मला बघून हसून रिकाम्या खुर्चीकडे बोट केले. मी मान हलवली, त्यांच्या हातातल्या टॉवेलकडे बोट केले, आणि माझे दोन हात पुढे करून दाखवले. माझ्या रचनेचे धृपद तिकडे एवढेच सादर झाले, आणि तेही न म्हणता.

बाईंनी मला हे काम शिकवले. दाजी, यात एक खुबी आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका. आपल्याला वाटते पाय धुवायचे म्हणजे धुणाऱ्याने जमिनीवर बसायचे. तसे केले तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा उठता येणार नाही. स्टूल समोर घ्यायचे, त्यावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर पाय. आपण समोर तेवढ्याच उंचीच्या खुर्चीवर. पाण्याची वाटकी मांडीवर. म्हणजे ज्याचे पाय त्यालाही वाकावे लागत नाही, आणि ज्याचे हात त्यालाही नाही. पाणी कोपराने बघायचे. नख मऊ झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कापायचे ते सरळ, कोपरा खोल घ्यायचा नाही.

तो हाडकुळा शेजारी होता ना, मिशीला हसलेला, तो आश्रमात आल्यापासून कोणाला पायाला हात लावू देत नव्हता. बूट घालूनच झोपायचा. मोठ्या बाई जवळ गेल्या की पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचा आणि काहीतरी बोलायचा, आणि बाई त्याला तितकेच बोलायच्या. (भाषा कळत नव्हती, पण अक्का, तुमच्या घरातले संभाषण मला आठवत होते.) त्याला समजावण्याएवढी भाषा माझ्याजवळ नव्हती, आणि असती तरी समजावून कोण ऐकते? म्हणून मी आपला करून दाखवावे म्हटले. त्याच्यासमोर बसलो, दुसऱ्या पायाच्या टाचेने माझा बूट काढला, पाय स्टुलावर ठेवला. त्याने माझ्या पायाकडे बघितले. मग त्याने आपली खुर्ची पुढे ओढली, माझ्या मांडीवरची वाटकी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि माझा पाय धुवायला लागला. म्हाताऱ्याने काम अगदी नीट केले. माझा पाय पुसून खाली ठेवला, जरा वेळ बाहेर झाडाकडे बघितले, आणि मग स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

त्याचा पाय हातात आल्यावर मला काही सुचेना म्हणून मी शाळेतल्या चालीवर गुणगुणायला लागलो. त्याचा अंगठा ठेका धरायला लागला. मग त्याला तळव्याला गुदगुल्या झाल्या आणि त्याने झाडलेल्या लाथेने सगळे पाणी माझ्या अंगावर आले. पुन्हा झगा. पुन्हा टोपी. पाळकसाहेब दारातून बघत होते, ते मान हलवून निघून गेले. पण त्या दिवसापासून तो म्हातारा बूट काढून झोपायला लागला.

आपल्याकडे दर वर्षी उपासनेत तो पाय धुण्याचा उतारा वाचतात. गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि एक कोळी शिष्य पाय मागे घेतो. मी जन्मभर तो वाचताना स्वतःला रुमाल बांधणाऱ्याच्या शेजारी उभा करत आलो. पाय मागे घेणाऱ्याच्या जागी मी कधी बसून बघितले नव्हते. बसल्यावर कळले की ती जागा जास्त अवघड आहे. हात पुढे करायला कौतुक मिळते. पाय पुढे करायला काहीच मिळत नाही.

तेव्हा दाजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: करून घ्यायला. निघालो होतो सेवा करायला, पण नेले होते ते करून घ्यायला. आता हसून घ्या. हसून झाले की माझा प्रश्न घ्या. अक्का पडली तर तुम्हा दोघांना कोण उचलणार? त्या माणसाला आत येऊ द्या. तो परका आहे, म्हणून तर सोपे आहे. मला मिशी काढणाऱ्या बाईंची लाज वाटली नाही, कारण त्यांना मी कधी मास्तर होतो हे ठाऊकच नव्हते. खुर्चीवरची रद्दी उचला. तुमचे लाडके भिंतीवरचे घड्याळ दर रविवारी तुम्ही उघडून, पुसून, तेल देऊन बंद करायचात. ते कधी म्हणाले नाही की मला हात लावू नका.

घरात सर्वांना आशीर्वाद आणि प्रेम. अक्काला नमस्कार, आणि तिच्या कमरेला शेक.

आपला,
मिशी पुन्हा उगवण्याची वाट बघणारा मेहुणा

ता. क. त्या मदतनिसाला मी काल परस्पर फोन करून सोमवारी पुन्हा यायला सांगितले आहे. तो भला माणूस आहे. तुम्ही बोललात ते त्याने मनावर घेतलेले नाही. म्हणाला, सगळेच आधी तसे बोलतात.

दुसरा ता. क. पाळकसाहेब पुढच्या रविवारी मंडळीला सहलीची चित्रे पडद्यावर दाखवणार आहेत. त्यात गळ्याला फडके बांधून मला भरवतानाचा एक फोटो आहे. तो आमच्यातल्याच कोणीतरी मला न ओळखता काढला, आणि खाली लिहिले आहे, ‘तेथील एक लाभार्थी’. पाळकसाहेब खोडायला निघाले होते. मी म्हणालो, राहू दे. सूनबाई समोरच्या बाकावर बसलेली असेल, तिने ओळखले तर ओळखले.

तिसरा ता. क. (अक्का, इथून पुढचे वाचू नकोस. कागद दाजींच्या हातात दे. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिले आहे.)

दाजी, परत आलो तेव्हा सूनबाईने विचारले, बाबा, तिकडे सगळं जमलं ना? मी हो म्हणालो, आणि मिशी हौसेने काढली असे सांगितले. खरे तर तेव्हाच सांगायला हवे होते, आणि मला सांगता आले नाही. मला पायांपर्यंत वाकता येत नाही. ही होती तेव्हा पायांची नखे ती कापायची. ती गेल्यापासून मी कधी उभ्याने, कधी आडवे पडून, जमेल तसे करतो, आणि आंघोळीला वेळ लागतो तो त्याचा. मोठ्या बाईंनी कापलेली नखे आता पुन्हा वाढली आहेत, आणि मोठ्या बाई समुद्रापलीकडे आहेत. एवढा पानेच्या पाने उपदेश करून मी स्वतः सुनेसमोर पाय ठेवू शकत नाही.

तुमच्या हाताला अजून कंप नाही. भिंग आहे, बारीक पकड आहे. खुब्याला त्रास होणार नाही, कारण वाकायचे नसते, ते वर सविस्तर लिहिलेच आहे. स्टूल आणि टॉवेल मी घेऊन येतो. शनिवारी दुपारी येईन, अक्काला बाजारात पाठवा.

आधी माझे पाय. मग तुमचे बघू.